आबांनी कबूल केलेला खून

आमच्या सासऱ्यांनी एकदा पोलीस ठाण्यात खुनाची कबुली दिली होती. ज्याचा खून केला तो माणूस मागच्या आठवड्यात आमच्याकडं जेवायला होता आणि त्यानं तीन भाकरी खाल्ल्या.

ही हकिकत आमच्या भावकीत आता लग्नाकार्यात सांगायची झाली आहे. पंगत उठली, पानसुपारी सुरू झाली की कुणीतरी म्हणतंच, “आबा, त्यो खुनाचा किस्सा होऊन जाऊ द्या.” आबा मिशीत हसतात. सांगत मात्र काही नाहीत, सांगणारे दुसरेच असतात, आणि ते दरवेळी चुकीचं सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही. आबांनीच सगळ्यांना चुकीचं सांगून ठेवलेलं आहे. खरं काय ते आबांना आणि मलाच माहीत. ते लिहू का, असं मी परवा आबांना विचारलं. ते म्हणाले, “लिव्ह की. पर माझं नाव घालू नगंस, आन तुझं बी घालू नगंस.” म्हणून मी कुणाचंच नाव घालत नाही.

आमची वाडी कृष्णेच्या काठाला, बाजाराला उंब्रजला जायचं. इथं ऊस आणि फौज या दोनच गोष्टी पिकतात. घरटी एक तरी माणूस फौजेत असतो नाहीतर फौजेतून परत आलेला असतो. माझे मिस्टर सध्या उत्तरेला बर्फात आहेत. आबा सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण अजून सकाळी उठून बूट पॉलिश करतात आणि मग ते बूट जाग्यावर ठेवून चपला घालून शेतात जातात. घरात आबा, माझ्या सासूबाई म्हणजे आत्ती, मी आणि माझी दोन मुलं.

माझं माहेर सांगलीकडचं. मी वाडीत मिरची कांडायचा डंक चालवते, म्हणजे चटणी कांडायचं यंत्र. डंकाच्या आवाजावर बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला असं मी सांगते. आत्ती सांगतात, लग्नात मी नाव घेतलं तेव्हाच भटजी दचकले होते, आणि तेव्हा डंक नव्हता. आवाजाचं काहीही असो, राग माझा खरोखरच मोठा आहे. तो येतो तसा जातो, पण मधल्या वेळात मी काय काय बोलते ते दुसरे लोक मला नंतर सांगतात.

आता खून झालेल्या माणसाबद्दल. नदीचं पाणी मोटारीनं उचलून पाइपानं आमच्या रानांत येतं, आणि ते कुणाच्या उसाला कधी सोडायचं हे पाटकरी बघतो. तो आमच्या वाडीतला सगळ्यात गरीब आणि सगळ्यात ताकदवान माणूस. बायको वारलेली, मूलबाळ नाही, नदीकाठच्या पंपाच्या खोलीत तो आणि त्याची एक शेळी राहायची. ऊन तापायला लागलं की प्रत्येकाला वाटतं पाटकरी आपली पाळी दुसऱ्याला देतोय. मग त्याला धमक्या सुरू होतात. “उभा चिरीन”, “नदीत बुडवीन”, “तुझं मढंच काढतो बघ” हे आमच्याकडं पाण्याच्या पाळीचं रोजचं बोलणं. धमकी देणारा संध्याकाळी त्याच पाटकऱ्याला चहा पाजतो. बाहेरच्या माणसाला हे समजणं अवघड आहे, आणि पोलीस बाहेरचे होते.

फेब्रुवारी संपत आला होता. आमच्या उसाला पाणी मिळून बरेच दिवस झाले होते, आमची पाळी होती, आणि पाटाला थेंब नव्हता. मी संध्याकाळी म्हशीला वैरण आणायला निघाले होते, त्यामुळं हातात कोयता होता. नदीकडं बघितलं तर पाटकरी निवांत तंबाखू मळत बसलेला. मग मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण पलीकडच्या काठाला ऐकू गेलं असं पलीकडच्या काठानंच नंतर कळवलं. शेवटचं वाक्य असं होतं म्हणे, “परत आमच्या पाळीला हात लावलास तर त्यो हातच ठेवणार न्हाई!” तो पळाला, मी थोडी त्याच्यामागं पळाले, पाटाच्या चिखलात गुडघ्यापर्यंत शिरले आणि परत फिरले. येताना वैरणीला उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं कापलं, घरी येऊन कोयता धुतला, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, आणि रागारागात न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी पाटकरी नव्हता. त्याची मोटारसायकल पंपाजवळ उभी होती, काठावर रक्तानं भिजलेला त्याचा टॉवेल होता, एक चप्पल पाण्याच्या कडेला अडकलेली होती आणि मोबाईल लागत नव्हता. दुपारपर्यंत वाडीत पोलीस आले. ठाणं कुठलं ते सांगत नाही, कारण तिथली माणसं तशी भली होती आणि त्यांना उगाच चिडवायचं नाही.

फौजदार तरुण होता, हुशार होता, आणि शहरात वाढलेला होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “याला जिवे मारायची धमकी कोणी कोणी दिली होती?” आमच्या लोकांनी खरं उत्तर दिलं. नावं लिहिता लिहिता हवालदाराचा कागद भरला, मग मागची बाजू भरली. एक आबा सोडले तर वाडीतले झाडून सगळे बाप्ये त्या यादीत होते. सरपंच होता, देवळातला पुजारी होता, आणि दम्यानं बोलताही न येणारा एक म्हातारा होता, त्यानं म्हणे हातवारे करून धमकी दिली होती. मी आदल्याच संध्याकाळी कोयता घेऊन पाटकऱ्याच्या मागं धावले होते, सगळ्या वाडीनं बघितलं होतं, तरी माझं नाव यादीत नव्हतं. हवालदार म्हणाला, “बायामाणसं बोलतातच हो.” खरं सांगते, मला तो अपमान वाटला.

पुढं तीन दिवस सगळ्या बाप्यांना, यादीत नसलेल्या आबांनासुद्धा, चौकशीला नेऊन ठाण्याच्या व्हरांड्यात बसवलं. सकाळी न्यायचे, संध्याकाळी सोडायचे. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, नुसतं बसायचं. पण नेमकी तेव्हाच कारखान्याची तोड आली होती. उसतोडीची टोळी रानात येऊन बसलेली, ट्रॅक्टर उभे, आणि शेताचा मालक ठाण्यात. आज तोड झाली नाही तर टोळी पुढच्या गावाला जाणार आणि ऊस उभा वाळणार. चौथ्या दिवशी फौजदार व्हरांड्यात आला आणि म्हणाला, “जोपर्यंत एकजण पुढं येऊन बोलत नाही, तोपर्यंत हे असंच चालणार.”

हे वाक्य फौजेतून आलेल्या माणसांपुढं बोलायचं नसतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार. फौजेत बराकीत काही हरवलं, फुटलं, कुणी काही खाल्लं की सगळ्या प्लाटूनला उन्हात उभं करतात आणि नेमकं हेच वाक्य बोलतात. मग एकजण पाऊल पुढं टाकतो. त्यानंच केलेलं असतं असं काही नाही. त्याला पाठीवर ओझं देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावतात आणि बाकीचे सुटतात. साहेबाला माहीत असतं, जवानांना माहीत असतं, आणि प्रकरण मिटतं. आबांनी असं पाऊल किती वेळा पुढं टाकलं होतं त्याला हिशेब नाही. एकदा तर साहेबांची कोंबडी खाल्ल्याचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि त्या दिवशी ते ताप येऊन इस्पितळात होते.

तर त्या व्हरांड्यात आबा उठले, एक पाऊल पुढं आले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, “मी केलं, साहेब.”

आमचे लोक खूश झाले. सुभेदारांनी मिटवलं, चला आता उसाला. सगळे वाडीत परत आले, त्यांनी मला हसत हसत सांगितलं, “आबा येतील सांजच्याला. हाजरी घेत्यात आन सोडत्यात.” एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही कोंबडी नव्हे. संध्याकाळी आबांच्या ऐवजी ठाण्याचा फोन आला. त्यांना अटक झाली होती, कोर्टापुढं उभं करून तीन दिवसांची कोठडी घेतली होती.

मी ठाण्यात जाऊन माझ्या त्या आवाजात सांगितलं की आमच्या आबांनी मुंगी मारलेली नाही. फौजदार म्हणाला, “ताई, ते दोन लढायांत होते.” ते खरंच होतं.

त्यांचा जबाब असा होता: कशानं मारलं? कोयत्यानं. प्रेत कुठं? नदीत. कोयता कुठं? नदीत. दाखवाल का? दाखवतो. दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांना घेऊन काठावर आले, सोबत साक्षीला दोन पंच. निम्मी वाडी बघायला जमली, टोळीतल्या बायका पोरं काखेत घेऊन आल्या, एक भेळवाला येऊन उभा राहिला. आबांनी सरळ हात करून जागा दाखवली. पोहणारे उतरले. पहिल्यांदा एक घागर निघाली, मग मागच्या वर्षीचे न विरघळलेले दोन गणपती, मग एक जुना टीव्ही. लोकांनी टीव्हीला टाळ्या वाजवल्या. मीही हसत होते. मला खात्री होती की आता काही निघणार नाही, फौजदाराला कळेल आबा थापा मारतायत, आणि दुपारी आम्ही सगळे घरी जेवू.

मग कोयता निघाला. मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती तार मीच गुंडाळली होती, मूठ सुटायला लागली म्हणून. चार-पाच दिवस मी तो कोयता शोधत होते आणि टोळीतल्या बायकांवर मनातल्या मनात आळ घेत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं बाई, ह्यो तर आमचा!”

पंचांनी ते लिहून घेतलं. आत्तींनी कपाळावर हात मारला. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

भावकीतला एक वकील आहे. त्यानं फोनवर समजावलं की पोलिसांपुढं माणूस काय बोलला याला कोर्टात किंमत नसते, पण कबूल करणाऱ्यानंच हत्यार काढून दिलं ही वाईट गोष्ट आहे. त्याहून वाईट म्हणजे कोठडी संपली की परवा सकाळी आबांना न्यायाधीशांपुढं नेणार होते, आणि तिथं ते स्वतःच्या तोंडानं हेच बोलले तर ते खरं धरलं जाणार होतं. “तेवढं बोलू देऊ नका त्यांना,” वकील म्हणाला. “नाहीतर आबा उरलेलं आयुष्य आत काढतील.”

संध्याकाळी मी डबा घेऊन ठाण्यात गेले. हवालदारानं पाच मिनिटं दिली आणि सभ्यपणानं पाठ फिरवून उभा राहिला. मी हलक्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला, मला ते फार जड जातं.

“आबा, आता बास करा. तोड सुरू झाली, सगळी सुटली. परवा कोर्टात साहेबापुढं सांगा, मी खोटं बोललो.”

“न्हाई.”

“ही फौज न्हवं आबा. फेऱ्या मारून सोडणार न्हाईत हितं. जन्मठेप देत्यात.”

“ठावं हाय मला,” आबा म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडं न बघता, ते पुढं म्हणाले, “तू आता जास्त बोलू नगंस. तुझी दोन पोरं ल्हान हायत.”

मला कळायला वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. मी कोयता घेऊन नदीकडं गेले होते. गुडघ्यापर्यंत भिजून आले, कोयता घासून धुतला, कुणाशी बोलले नाही, जेवले नाही. आबा ओसरीवर बसून हे सगळं बघत होते. सकाळी रक्ताचा टॉवेल सापडल्याचं कळल्याबरोबर त्यांनी भिंतीवरचा कोयता उचलला आणि नदीत टाकून आले. चौथ्या दिवशी ते जे पाऊल पुढं टाकून उभे राहिले, ते उसासाठी नव्हतं आणि सवयीनंही नव्हतं. आमच्या आबांना वाटत होतं की पाटकऱ्याला मी मारलं.

“आबा! मी न्हाई हो मारलं त्याला! मी वाडं कापलं, म्हशीला!”

“बरं.” आबांनी मान हलवली. “कुणी इचारलं तर तसंच सांगायचं.”

“आवं पर खरंच वाडं कापलं!”

“व्हय. आसंच. घाबरायचं न्हाई.”

मी देवाची शपथ घेतली, पोरांची घेतली, आबांनी मायेनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चटणी जरा तिखट झालीया आज.” खुनी ठरण्याइतकं संतापजनक दुसरं काही नसतं, असं मला आजवर वाटायचं. त्याहून संतापजनक एक गोष्ट आहे, खुनी ठरल्यावर कुणी तुम्हाला समजून घेणं.

रस्त्यानं येताना मी रडत होते आणि आबांना शिव्याही देत होते. माझ्या शब्दावर ते माघार घेणार नव्हते. त्यांनी माघार घेतली तर पोलीस मला धरतील, असं ते धरून चालले होते. म्हणजे आता एकच उपाय होता, पाटकरी जिवंत किंवा मेलेला, पण खरा सापडला पाहिजे होता. आणि हातात एक दिवस होता.

सकाळी उठून मी सरळ पंपाच्या खोलीवर गेले. पोलीस तिथं दोनदा येऊन गेले होते. त्यांनी रक्ताचे डाग शोधले, हाताचे ठसे घेतले, फोटो काढले. मी दारात उभी राहिले आणि बघतच राहिले. पाण्याचा हंडा धुऊन पालथा घातलेला. चूल सारवलेली. पिठाच्या डब्याला उंदरांसाठी वरून फडकं बांधून दोरी आवळलेली. अंथरूण गुंडाळून तुळईला टांगलेलं. बाहेर शेळीचा खुंटा रिकामा होता, आणि दाव्याची गाठ नीट सोडलेली होती, तुटलेली नव्हती. खून झालेल्या माणसाची खोली अशी नसते. कुठल्याही बाईला विचारा, हे गावाला गेलेलं घर होतं.

गावाला जाणारा माणूस शेळी कुणाकडं ठेवील? माळावर धनगरांची चार घरं आहेत, तिथं मी गेले. एक म्हातारी झाडाखाली बसली होती, आणि पाटकऱ्याची शेळी तिच्या पुढ्यात पाला खात होती.

“पाटकऱ्याची न्हवं ही?”

“व्हय. आट दिस ठेव म्हनला. भैनीकडं गेलाय, आटपाडीला.”

“आजी, त्याचा खून झाला म्हणून वाडीत पोलीस आल्यात की!”

“त्यो दुसरा कोन तरी आसंल.” म्हातारीला त्यात काही अडचण दिसली नाही. “ह्यो तर हाताला फडकं बांधून गेला माझ्यासमोरनं.”

“मग पोलिसांना सांगितलं का न्हाई? आले न्हवते हितं?”

“आलते की. आमच्या गड्यास्नी इचारून गेलं. गडी मेंढरं घिऊन लांब गेलती, त्येंना काय म्हाईत? मला कोन इचारतंय?”

मी तिथल्या तिथं म्हातारीच्या पाया पडले. मग घरी पळत आले, आत्तींना उठवलं, मुलं शेजारी टाकली, आणि आम्ही दोघी बायका खून झालेल्या माणसाला आणायला एसटीनं निघालो. कऱ्हाड, विटा, आटपाडी. जसजसं पूर्वेला जावं तसतसा ऊस संपत जातो आणि माळ सुरू होतो. आत्ती खिडकीतून बघत म्हणाल्या, “हितं पाटकरी कशाला लागतोय?”

बहिणीचं घर आटपाडीच्या अलीकडं एका वस्तीवर होतं. पाटकरी लिंबाखाली खाटेवर बसून डाळिंब सोलून खात होता, डाव्या हाताला पांढरं फडकं. मला बघितल्याबरोबर तो उठला आणि पळाला. मी ओरडले, “थांब! न्हाईतर जीव घेईन!” हे बोलायला नको होतं. तो डाळिंबांच्या बागेत घुसला. शेवटी आत्तींनी बांधावर उभं राहून सावकाश सांगितलं की बाबा, तू मेलायस म्हणून आमचे हे आत बसलेत. तेव्हा तो बाहेर आला.

झालं होतं असं, की माझ्या धमकीनं त्याचा हात थरथरला. मोटारीचा पट्टा बसवताना बोट कापलं, टॉवेल गुंडाळला तो भिजला म्हणून फेकला. हात धुवायला वाकला तर पाय घसरून चप्पल गेली आणि खिशातला मोबाईल पाण्यात पडला. एवढं झाल्यावर त्याला स्वतःचाच कंटाळा आला. कापल्या हातानं गाडी चालेना, म्हणून शेळी म्हातारीला दिली आणि मिळेल त्या वाहनानं बहिणीकडं आला. “हितं लय बरं वाटतंय वहिनी,” तो मला म्हणाला. “एवढं दिस झालं, एकानं शिवी दिली न्हाई.” मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला. “पर आबांनी कशापायी कबूल केलं? वाडीत मला कवा वाकडं बोलला न्हाई असा एकच माणूस हाय, त्यो आबा.”

मी तिथूनच फौजदाराला व्हिडिओ कॉल लावला आणि पाटकऱ्याचं तोंड कॅमेऱ्यापुढं धरलं. फौजदारानं फोन डोळ्याजवळ नेला. मग म्हणाला, “हा व्हिडिओ कधीचा आहे?” मी म्हणाले, “साहेब, त्यो हलतोय, बोलतोय, तुमाला राम राम घालतोय!” तो म्हणाला, “प्रत्यक्ष हजर करा.” शेवटची गाडी निघून गेली होती, त्यामुळं रात्रीला आम्ही तिथंच राहिलो, आणि पहाटेच्या एसटीत खिडकीजवळ पाटकरी, मध्ये मी आणि कडेला आत्ती, असं त्याला कोपऱ्यात कोंबूनच आणलं म्हणायला हरकत नाही.

ठाण्याच्या आवारात पोहोचलो तेव्हा कोर्टात न्यायची गाडी सुरू होती आणि आबा दोन पोलिसांच्या मध्ये पायऱ्या उतरत होते. मी ओरडले, “आबा! बघा कोन हाय!” पाटकरी पुढं झाला आणि त्यानं आबांच्या पायावर डोकं ठेवलं.

आबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते. त्या तोंडावर जे उमटलं ते मी कधी विसरणार नाही. सुटलो, असं नव्हतं ते. हिनं नाही केलं, असं होतं. ताठ उभा राहिलेला तो माणूस पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पुढचा सगळा दिवस कागदांत गेला. मेलेल्या माणसानं आपण जिवंत असल्याचा जबाब दिला आणि डाव्या हाताला फडकं होतं म्हणून उजव्या हाताचा अंगठा उठवला. फौजदाराला हसावं की चिडावं ते कळत नव्हतं. शेवटी त्यानं आबांना विचारलं, “सुभेदारसाहेब, मग तुम्ही खोटं का बोललात? आणि कोयता का टाकलात?”

आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि टाचा जुळवून म्हणाले, “सवय, साहेब. फौजेची. एकानं अंगावर घेटलं म्हंजे बाकीची सुटत्यात. घेटलं तर पुरं घ्यावं, म्हनून कोयता बी दिला.” सगळं ठाणं हसलं, फौजदारसुद्धा. तीच हकिकत पुढं लग्नाकार्यांत गेली. पाटकऱ्याला आता वाडीत कुणी धमकी देत नाही, नुसतं “आबांना सांगू का?” म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या उसाला तोड लागली. आबा बांधावर बसले होते. मी चहा घेऊन गेले, आणि भांडायचं ठरवूनच गेले होते.

“आबा, येवढी वर्सं तुमच्या घरात भाकऱ्या थापल्या. आन मी तुमाला खुनी वाटले?”

“राग लय हाय तुझा,” आबा कपात बघत म्हणाले.

“राग हाय म्हणून माणूस मारीन व्हय? एकदा इचारायचं तरी हुतं मला! बाई, केलंस का, एवढं इचारायला काय झालं हुतं?”

आबांनी चहा संपवला. कप नीट बशीत ठेवला.

“इचारलं असतं तर तू खरं बोलली असतीस,” ते म्हणाले. “आन खरं कळलं की माणसाला इचार करावा लागतो, हिच्यासाठी आत जावं का न्हाई. मला त्यो इचार करायचाच नव्हता.”

माझं भांडण तिथंच संपलं. मी बांधावर बसून रडले, मोठ्यानं, माझ्या नेहमीच्या आवाजात, आणि तोडीवरच्या सगळ्या बायका काम थांबवून बघायला लागल्या.